स्लाइडवरची नावं परत लावा : माझ्या महाविद्यालयाच्या व्यवस्थापन मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, व्यवस्थापन मंडळाचे सर्व सदस्य आणि मा. प्राचार्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या महाविद्यालयात मी 3 वर्षं शिकले आणि पुढे 31 वर्षं तिथेच प्राणिशास्त्र शिकवलं. महाविद्यालयाचं नाव या पत्रात लिहिलेलं नाही. त्याची बदनामी व्हावी असं मला वाटत नाही, ते माझं घर आहे. पण दोन पत्रं लिहून, एकदा प्रत्यक्ष भेटून आणि एकदा फोन करूनही काही हललं नाही, म्हणून आता हे सर्वांसमोर लिहिते आहे.

जुलैच्या शेवटी प्रयोगशाळेतल्या जुन्या परिचरांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या पोरींच्या स्लाइडा धुऊन काढल्या नं." मला आधी कळेचना. दुसऱ्या दिवशी धरमपेठेतून रिक्षा करून आले. भ्रूणशास्त्राच्या खोलीत काचेचं नवं कपाट उभं होतं, आत दिवे, वर पितळी पाटी. पाटीवर आमच्या विभागाच्या माजी प्रमुखांचं नाव आणि खाली 'भ्रूणशास्त्र संग्रह'. 214 स्लाइड, म्हणजे कोंबडीचे गर्भ बसवलेल्या सूक्ष्मदर्शकाच्या काचा, ओळीने मांडलेल्या. प्रत्येकीवर छापील पांढरं स्टिकर : क्रमांक, गर्भाचं वय, विभागाचं नाव. मुलींच्या हातची लेबलं एकाही स्लाइडवर नव्हती.

प्राचार्य मॅडमनी मला बसवलं, चहा दिला, आणि शांतपणे सांगितलं की मूल्यांकन समिती येणार आहे, जुनी लेबलं पिवळी पडली होती, कुणाची शाई उडाली होती, सगळं एकसारखं दिसायला हवं. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मला दिसत होतं. येत्या 5 सप्टेंबरला, शिक्षक दिनी, या संग्रहाचं उद्घाटन आहे. त्याच्या आत हे दुरुस्त व्हावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

ती लेबलं काय होती, हे मंडळातल्या सगळ्यांना ठाऊक नसेल. आपल्यात कुणी वकील आहेत, कुणी व्यापारी, कुणी डॉक्टर. म्हणून जरा विस्ताराने सांगते.

दुकानातलं अंडं या कामाला चालत नाही, त्यात गर्भ नसतो. उबवणीची अंडी लागतात. ती आम्ही हिंगण्याच्या बाजूने आणायचो, भुशाच्या टोपलीत, मांडीवर धरून, बसमध्ये हिसके बसू न देता. हे प्रात्यक्षिक जानेवारी-फेब्रुवारीतच व्हायचं. अंडं उबतं साधारण 37 ते 38 अंशांना, आणि नागपूरच्या मे महिन्यात खोलीच 43 अंशांवर जाते. इन्क्युबेटर तापवता येतो, आमचा तो थंड करता येत नव्हता. हिवाळ्यात उलटी काळजी. रात्री वीज गेली की वसतिगृहातल्या मुली इन्क्युबेटरवर सोलापुरी चादर टाकून बाजूला गरम पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या.

33 तासांनी अंडं कोमट मिठाच्या पाण्यात फोडायचं. बलकावर एक फिकट चकती दिसते. तिच्याभोवती बारीक कात्रीने कापत जायचं, पातळ पडद्यापासून ती सोडवायची, आणि काचेच्या बशीत तरंगत घ्यायची. हात जरा कापला की फाटली. मुलींची पहिली तीन-चार अंडी तशीच जायची. मग एखादीची चकती अख्खी यायची, सूक्ष्मदर्शकाखाली जायची, आणि ती मुलगी ओरडायची. एकीचे शब्द अजून कानात आहेत : "मॅडम, हे तं हालून राह्यलं!" नुकतंच वाकू लागलेलं, नळीसारखं हृदय. त्यात रक्तही धड आलेलं नसतं आणि ते धडधडायला लागलेलं असतं.

पुढे बुईनच्या पिवळ्या द्रावणात टिकवणं, बोरॅक्स कारमाइनमध्ये रंगवणं, अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्या, झायलॉल, आणि शेवटी काचेवर बसवणं. सगळं धरून आठवडा जायचा. स्लाइड चांगली झाली तर ती विभागाच्या पेटीत जायची, आणि लेबलावर ती करणारीचं नाव, वर्ग आणि तारीख. बक्षीस म्हणाल तर तेवढंच होतं. मुली त्यासाठी भांडायच्या.

आता माझी पहिली तक्रार कळेल. ही नावं सजावट नव्हती. कुणी केलं याचा तो पुरावा होता.

दुसरी तक्रार भिंतीची आहे, आणि ती पहिलीपेक्षा वेगळी नाही. विज्ञान इमारतीच्या जिन्यात आपण शास्त्रज्ञांची चित्रं काढून घेतलीत. काम सुंदर झालं आहे, चित्रकाराचं कौतुक. भ्रूणशास्त्राच्या चित्राखाली लिहिलं आहे : 'हान्स स्पेमान. गर्भातील संघटकाचा शोध. नोबेल पारितोषिक 1935.' बस्स.

तो प्रयोग ज्या हातांनी झाला ते हात हिल्डे मांगोल्डचे होते. माहेरची प्रोशोल्ट. 1898 साली जर्मनीतल्या गोथा गावी जन्म. येना आणि फ्रँकफर्टला शिकली, फ्रँकफर्टला स्पेमान यांचं व्याख्यान ऐकलं आणि 1920 मध्ये त्यांच्याकडे फ्रायबुर्गला डॉक्टरेटसाठी गेली. स्पेमान यांनी तिला आधी दिला तो विषय हायड्राचा : त्या इवल्या जीवाला पिशवीसारखं उलटं करून पाहा. ते काही जमेना. मग त्यांनी तिला न्यूट दिले. न्यूट म्हणजे पाण्यात राहणारा, पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी. त्याचा गर्भ मोहरीच्या दाण्याएवढा असतो.

काम असं होतं. न्यूटच्या दोन जाती घ्यायच्या, एकीचे गर्भ फिके, दुसरीचे गडद. फिक्या गर्भाच्या पाठीकडच्या बाजूला, जिथून पेशी आत वळायला लागतात, त्या ओठासारख्या कडेचा कणभर तुकडा काढायचा आणि गडद गर्भाच्या पोटाकडच्या बाजूला बसवायचा. हत्यारं म्हणजे ओढून बारीक केलेल्या काचेच्या सुया आणि तान्ह्या बाळाच्या जावळाचा फास. गर्भ मिळायचे फक्त वसंतात, न्यूट अंडी घालतात तेवढ्या आठवड्यांत. प्रतिजैविकं तेव्हा नव्हती, त्यामुळे शस्त्रक्रिया नीट झाली तरी बहुतेक गर्भ जंतूंनी नासून जायचे. 1921 आणि 1922 चे असे दोन वसंत तिने घालवले. शेकडो गर्भांवर हात चालवला. निबंधात मांडण्याजोगे टिकले ते बोटांवर मोजण्याइतके. त्यांतल्या एकाची, 'यू एम 132' क्रमांकाच्या गर्भाची आकृती आज जगभरच्या भ्रूणशास्त्राच्या पुस्तकांत छापली जाते. त्याच्या पोटाच्या बाजूला एक दुसरा गर्भ धरलेला आहे. त्याला स्वतःचा नोटोकॉर्ड, म्हणजे कण्याच्या आधी बनणारा पाठीतला दांडा, आणि चेतासंस्थेची नळी आहे.

यापुढचा भाग मी दरवर्षी फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी काढायची. हिल्डेने त्या जोडगर्भाचे मेणात काप घेतले आणि पाहिलं, की दुसऱ्या गर्भातला नोटोकॉर्ड फिक्या पेशींचा होता, म्हणजे बसवलेल्या तुकड्याचा. पण त्याच्यावरची चेतानळी बहुतांशी गडद पेशींची होती, म्हणजे यजमान गर्भाची. त्या पेशी एरवी पोटाची साधी त्वचा झाल्या असत्या. शेजारी येऊन बसलेल्या कणाने त्यांना वेगळ्या वाटेला लावलं होतं. म्हणून त्या कणाला नाव मिळालं संघटक, ऑर्गनायझर.

हे कळलं कशामुळे? पेशींचा रंग वेगवेगळा होता म्हणून. दोन्ही गर्भ एकाच रंगाचे असते, तर दुसरा गर्भ दिसला असता, पण तो कुणी घडवला आणि कुणातून घडला, हे कुणालाच सांगता आलं नसतं. त्या प्रयोगाचा सारा जीव 'कुणाचं काय' हे ओळखू येण्यात होता. 214 स्लाइडवर एकच पांढरं स्टिकर लावलेलं पाहिलं, तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा हेच आलं.

1923 मध्ये हिल्डेला डॉक्टरेट मिळाली. निबंध 1924 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तिच्या प्रबंधाच्या त्या निबंधावर पहिलं नाव स्पेमान यांचं होतं, दुसरं तिचं. तिच्याबरोबर शिकणाऱ्या मुलग्यांचे प्रबंध त्यांच्या एकट्याच्या नावाने छापले गेले होते. तिला हे खटकलं होतं. तिचे सहाध्यायी व्हिक्टर हॅम्बर्गर, जे पुढे स्वतः मोठे भ्रूणशास्त्रज्ञ झाले, त्यांनी ते लिहून ठेवलं आहे.

त्याच वर्षी, 4 सप्टेंबर 1924 ला, घरातल्या शेगडीचा भडका उडून भाजल्यामुळे ती गेली. 25 वर्षांची होती. मागे तान्हा मुलगा होता. वर्गात मी हे सांगायची तेव्हा मुली एकदम गप्प व्हायच्या. स्टोव्हचा भडका म्हणजे काय, हे महालातल्या आणि इतवारीतल्या वाड्यांत वाढलेल्या मुलींना समजावून सांगावं लागत नव्हतं.

नोबेल मृत व्यक्तीला देत नाहीत, हे मला माहीत आहे. स्पेमान यांचं श्रेय काढून घ्यावं असंही माझं म्हणणं नाही. प्रश्न त्यांचा होता, त्यामागे त्यांची वीस वर्षांची तयारी होती, आणि निबंधावरून त्यांनी तिचं नाव गाळलं नव्हतं. गाळलं ते नंतरच्यांनी, जागा पुरत नाही म्हणून, एकच नाव लक्षात ठेवणं सोपं म्हणून. आपल्या जिन्यात दीड फूट जागा रिकामी आहे. मी मोजून आले आहे.

आणि हे सगळं कुठल्या तरी परक्या देशातलं, असंही नाही. न्यूटमध्ये जे दिसलं ते कोंबडीच्या गर्भातही आहे, हे 1930 च्या दशकात ब्रिटिश भ्रूणशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांनी दाखवलं. कोंबडीत संघटकाची ती जागा म्हणजे गर्भातली एक बारीक गाठ, हेन्सनची गाठ. याच वॉडिंग्टन यांच्याकडे एडिनबरोला डॉ. लीला मुल्हेरकर शिकल्या आणि परत येऊन पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी कोंबडीच्या गर्भावरचं संशोधन रुजवलं. महाराष्ट्रात एखादी मुलगी अंड्याला कात्री लावते, तेव्हा तिच्यामागे ही परंपरा असते. 1990 च्या दशकात संघटकातून पाझरणारी नॉगिन, कॉर्डिन ही प्रथिनं सापडली आणि हिल्डेच्या त्या कणाची भाषा थोडीफार वाचता आली. आज मूळ पेशींपासून (स्टेम सेल्स) प्रयोगशाळेत चेतापेशी घडवताना तीच भाषा वापरतात. भिंतीवर मुल्हेरकर बाईही नाहीत. 12 चित्रांत बाई एकच, आणि ती मेरी क्युरी.

एक प्रसंग सांगते, तो सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होणार नाही.

2009 चा जून असेल. प्रवेशाची गर्दी चालली होती. एक बाई मुलीला घेऊन विभागात आल्या. काटोलकडच्या, संत्र्याच्या बागा असलेलं घर. मी ओळखलं नाही. त्या म्हणाल्या, "मॅडम, माही स्लाइड हाय का अजून?" मग आठवलं. 1991 ची बॅच. द्वितीय वर्षाची परीक्षा झाल्या झाल्या लग्न झालं आणि शिक्षण सुटलं, ती मुलगी. पेटी काढली. 33 तासांचा गर्भ, रंग थोडा जास्त चढलेला, पण शेपटाकडची कड एवढी स्वच्छ कापलेली की मी ती पुढच्या वर्गांना नमुना म्हणून दाखवायची. सूक्ष्मदर्शकावर लावली. त्यांनी स्वतः पाहिलं नाही, आधी मुलीला पुढे केलं. मुलीने गर्भ पाहिला की नाही कोण जाणे. तिने स्लाइड उचलून उजेडात धरली आणि लेबल वाचलं. आईचं नाव, माहेरच्या आडनावासकट. "आई, हे तू?" एवढंच ती म्हणाली. त्या बाई खिडकीकडे पाहत होत्या.

त्या मुलीने आपल्याकडेच प्रवेश घेतला. तिची स्वतःची स्लाइडही त्या पेटीत आहे, 48 तासांची.

त्या बाईंच्या नावावर या महाविद्यालयात पदवी नाही, फलकावर नोंद नाही, स्मरणिकेत फोटो नाही. ती एक काच होती. आज तिच्यावर '061' लिहिलं आहे. तिचं नाव मी या पत्रात देत नाही. ते जिथे होतं तिथे हवं.

पाटीबद्दलही बोलायला हवं, आणि हे लिहिताना मला जड जातं. ज्यांच्या नावाने संग्रह होतो आहे ते सर माझे गुरू. इन्क्युबेटर त्यांनी आणला, पहिली अंडी त्यांनी आणली, आणि लेबलावर मुलीचं नाव घालायचा नियमही त्यांचाच. माझी पहिली चकती त्यांच्यासमोर फाटली होती. त्यांनी दुसरं अंडं हातात दिलं आणि बाहेर निघून गेले, मी घाबरू नये म्हणून. एवढ्या वर्षांत 'माझी स्लाइड' हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नाहीत. त्यांचं नाव खोलीला द्या. मी स्वतः फुलं घेऊन येईन. पण मुलींच्या हातचं काम त्यांच्या नावावर मांडणं त्यांना मानवलं नसतं.

राहिला इन्क्युबेटर. तो भंगारात गेला असं कळलं, आणि त्याच्या जागी पडद्यावर चित्रफीत दाखवतात. प्राण्यांची विच्छेदनं बंद झाली ते योग्यच झालं, बेडकांच्या त्या बरण्या मलाही कधी आवडल्या नाहीत. पण दोन-तीन दिवसांची मोजकी अंडी, नियम पाळून, वर्षातून एकदा, हे बंद करायचं कारण मला कुणी सांगितलेलं नाही. चित्रफितीत हृदय धडधडतं ते कुणी तरी दुसऱ्याने काढलेलं असतं. ते बघून कुणी ओरडत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

सगळ्या स्लाइडवर त्या करणाऱ्या मुलींची नावं परत लावा. माहिती नाही अशी अडचण नाही. विभागाच्या नोंदवहीत प्रत्येक स्लाइडचा क्रमांक, नाव आणि तारीख आहे. निवृत्त होताना मी त्या वहीची झेरॉक्स करून ठेवली, ती माझ्याकडे आहे. छापील स्टिकर हवं असेल तर असू द्या, काचेला दुसरं टोक असतं.

संग्रहाच्या पाटीवर 'विद्यार्थिनींनी तयार केलेला' हे शब्द घाला आणि सरांचं नाव खोलीच्या दारावर लावा.

जिन्यातल्या चित्राखालची ओळ बदला : 'हिल्डे मांगोल्ड आणि हान्स स्पेमान, 1924'. तिचं चित्रही काढता आलं तर उत्तम. चित्रकाराचा खर्च मी देईन, तो प्रश्न नाही. डॉ. मुल्हेरकरांच्या चित्राचा विचार मंडळाने करावा.

येत्या जानेवारीत एका तुकडीपुरतं तरी अंड्याचं प्रात्यक्षिक पुन्हा घ्या. नवा लहान इन्क्युबेटर घ्यायला माजी विद्यार्थिनी पैसे जमवायला तयार आहेत. मी 9 जणींशी बोलले, नऊही जणी हो म्हणाल्या. हात शिकवायला कुणी नसेल तर मी येते. मानधन नको.

आणि हे सगळं 5 सप्टेंबरच्या आत होत नसेल, तर उद्घाटन महिनाभर पुढे ढकला. समिती त्यानंतरच येणार आहे, असं मला आपल्याच कार्यालयातून कळलं.

एक गोष्ट कदाचित आपल्या लक्षात आली नसेल. काही मुली कागदी लेबलावर विश्वासून राहायच्या नाहीत. त्या डायमंड पेन्सिलने काचेवरच आपली आद्याक्षरं कोरायच्या, लेबलाच्या जागेखाली, अगदी बारीक. ती धुऊन जात नाहीत. 061 क्रमांकाची स्लाइड काढा, स्टिकरचा एक कोपरा उचला आणि काच उजेडात तिरपी धरा.

मी सोमवार ते शनिवार, सकाळी 11 नंतर केव्हाही येऊ शकते. नोंदवहीची झेरॉक्स, काळी शाई आणि लेबलांची वही मी घेऊन येईन. दोन मुली मदतीला दिल्यात तर 214 स्लाइडचं काम चार दिवसांत होईल.

आपली,
प्राणिशास्त्र विभागाची एक माजी विद्यार्थिनी आणि निवृत्त प्राध्यापिका
धरमपेठ, नागपूर